४०.३ खोडू नकोस

प्रिय मुली,

परवा घरी येऊन तू लंबकावरून ‘जी’, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढायच्या प्रयोगाचं जर्नल पुढ्यात ठेवलंस. “सर, वीस आंदोलनांना ४०.३ सेकंद आले. ‘जी’ची किंमत ९७२ येते, बाकी सगळ्यांची ९८१. पार्टनर म्हणतो, ४०.१ लिही, बसतं बरोबर.” तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही. रात्री झोप लागेना.

४०.३ लिही. पेनाने.

त्या ९८१ चं मूळ बघ. ९८०.६६५ सेंमी प्रति सेकंद वर्ग हे प्रमाणमूल्य १९०१ साली ठरलं, ४५ अंश अक्षांश आणि समुद्रसपाटी डोळ्यांपुढे ठेवून. आपलं नाशिक २० अंशांवर, त्यात सुमारे ६०० मीटर उंच. अक्षांश-उंचीच्या सूत्रात घालून बघ, ९७८.५ च्या आसपास येईल. सगळ्या बॅचचं नेमकं ९८१ कसं आलं, ते आता तूच समज.

मग तुझे ९७२ चुकले का? अगं, स्टॉपवॉच दाबताना अंगठा ०.२ सेकंद इकडेतिकडे होतोच. चाळीस सेकंदांत अर्धा टक्का. ‘जी’च्या सूत्रात काळाचा वर्ग येतो, म्हणून ‘जी’मध्ये एक टक्का. ९७२ ± १० लिही. त्यात ९७८.५ बसतं. हा ± जर्नलात कुणी लिहीत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

अचूक हवं असेल तर शंभर आंदोलनं मोज. तेच ०.२ सेकंद आता दोनशे सेकंदांत वाटले जातील, ± १० चे ± २ होतील. गोळा मधल्या खुणेवरून जाताना घड्याळ सुरू कर, टोकाला नाही. तिथे तो रेंगाळतो. मोजणी ‘शून्य’पासून. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत, आणि गोळ्याचा व्यास मोजायच्या व्हर्नियरचा झिरो एरर, म्हणजे काहीच न पकडता तो शून्य दाखवतो का, ते आधी बघ. पण जुनं ४०.३ राहू दे. नवं त्याच्या खाली लिही.

१६७२ मध्ये झाँ रिशे पॅरिसचं लंबकाचं घड्याळ घेऊन विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला. ते रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. त्याने ते तसंच नोंदवलं. पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे हे मांडताना न्यूटनने तीच नोंद वापरली.

मी खोडलं होतं. तुझ्याच वयात, न्यूटनच्या वलयांच्या प्रयोगात, सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉम यावी म्हणून वलयांचे व्यास उत्तरावरून उलटे काढून भरले. पूर्ण मार्क मिळाले. पुढे सातपूरला एका कारखान्यात तपासणीला लागलो. मायक्रोमीटर ०.०३ मिलिमीटर जास्त दाखवत होता आणि मी अपेक्षित आकडा लिहीत राहिलो. कारण सवय तीच होती. सगळा माल परत आला. त्या दिवशी मान खाली घालून उभा होतो, ते अजून विसरलो नाही.

म्हणून शिकवायला लागल्यावर रबराने खोडलेल्या रीडिंगचे मार्क कापले. पालक भांडायला आले, सहकारी हेकट म्हणाले. हेकट तर हेकट. मुलांचा निकाल मी बिघडवला असं अजूनही कुणी म्हणतं, तेव्हा मला त्या परत आलेल्या पेट्या दिसतात. मी चुकलो नव्हतो.

तुझ्या पार्टनरवर चिडू नकोस, त्यालाही शंभर मोजायला बसव. एकाने मोजायचं, दुसऱ्याने न बघता लिहायचं.

शुक्रवारी लॅब मोकळी असते म्हणालीस ना? दोघं मोजा आणि संध्याकाळी वही घेऊन या. फेअर जर्नल नको, रफ वही आणा. चहा टाकून ठेवतो.

तुझा,
सर