वाचक विचारतात : बाळाची कॉट, गादी आणि चादर

प्रश्न : नातीसाठी कॉट घेतली. दुकानात गादी, उशी, दुलई आणि कठड्याला बांधायचे गुबगुबीत लोड असा संच दाखवला. दिसतो सुरेख. घ्यावा का? (म्हापसा)

नको. गादी आणि चादर सोडली तर त्यातलं वर्षाच्या आतल्या बाळाला काहीच लागत नाही. लोड असले की डोकं आपटत नाही, असं विक्रेते सांगतात. आपटून येणारं टेंगूळ किरकोळ असतं. लोडात नाक रुतलं, तर मात्र बाळ आपणच सोडलेली हवा पुन्हा पुन्हा आत घेत राहतं, आणि तोंड बाजूला करायची ताकद त्याच्या मानेत अजून नसते. नाड्या गळ्यात अडकतात ते वेगळंच. अमेरिकेत २०२२ साली कायदा करून अशा लोडांची विक्री बंद केली.

गादी घट्ट हवी : तळहाताने दाबून सोडली की खड्डा राहता कामा नये. काथ्याची चालते, सावरीच्या कापसाची नाही. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटांहून जास्त फट नको, कठड्याच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर ६ सेंटिमीटरहून जास्त नको. बाळाला नेहमी उताणं झोपवा. आजीने जुन्या साड्यांची गोधडी शिवली असेल, तर ती दिवसा जमिनीवर अंथरा. जागं बाळ तिच्यावर पालथं पडून मान उचलायला शिकेल, मात्र कोणीतरी शेजारी बसायला हवं. चिमणाळं कॉटवर हात पोचणार नाही इतकं उंच टांगा आणि पाचव्या महिन्यात उतरवा.

प्रश्न : मग शोभा आणायची ती चादरीनेच. घरी शिवता येईल का? (फोंडा)

येईल, आणि बाजारातल्यापेक्षा नीट बसेल. गादी १२० × ६० आणि १० सेंटिमीटर जाड धरू. ११२ सेंटिमीटर पन्ह्याचं सुती कापड पावणेदोन मीटर आणा, आणि आधी गरम पाण्यात धुऊन वाळवा. हे टाळलं तर पहिल्याच धुण्यात चादर आटते, गादीचे कोपरे वर ओढते आणि कडेला फट पडते.

धुतलेलं कापड १५६ × ९६ कापा : दोन्ही बाजूंची जाडी १०-१०, शिवाय खाली दुमडायला ८-८. चारही कोपऱ्यांतून १७ सेंटिमीटरचा चौरस काढून टाका. १८ नव्हे, कारण एक सेंटिमीटर शिलाईत जातो. कापलेल्या कडा उलट्या बाजूने जोडून दुहेरी शिलाई मारा. मग सगळीकडून नेफा घालून साधारण २४० सेंटिमीटर इलॅस्टिक ओवा, टोकं दोन सेंटिमीटर एकावर एक ठेवून पक्की शिवा. फक्त कोपऱ्यांना इलॅस्टिक लावलेली चादर मधून सुटते. कोपरा ओढून पाहा. सहज निघाला तर इलॅस्टिक कमी करा. रंग, छाप हवे ते घ्या. फिती, बटणं, टिकल्या नकोत.

प्रश्न : डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी? (मडगाव)

तीही नको. उशीने हनुवटी छातीकडे झुकते आणि श्वासमार्ग दबतो. आज उशाला असलेली कॉटची बाजू उद्या पायथ्याला करा. बाळ खिडकीकडे, माणसांकडे बघायला मान दुसरीकडे वळवतं. एकाच बाजूला मान आखडल्यासारखी वाटली तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : पावसाळ्यात गादीला खालून बुरशी धरते. काय करावं? (डिचोली)

गोव्यात हे व्हायचंच. फळीचा तळ असेल तर सुताराकडून पट्ट्यांचा करून घ्या. खालून हवा मिळाली की निम्मं काम झालं. जून ते सप्टेंबर दर दोन-चार दिवसांनी गादी पंख्याखाली उभी करा. मोकळं मेणकापड गोळा होऊन तोंडावर येऊ शकतं, म्हणून वरून सुती आणि आतून पाणी न शिरणारी, कोपऱ्यांना घट्ट बसणारी खोळ घ्या. बुरशी आत मुरलेली गादी ऊन दाखवून सुधारत नाही, बदला.

दुपटी, झबली ठेवलेल्या कपाटात डांबरगोळ्या मात्र अजिबात नकोत. काही बाळांच्या रक्तात जन्मतः जी६पीडी हे द्रव्य कमी असतं; कपड्यांतल्या डांबराच्या वाफेने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. कापूरही त्याला पर्याय नव्हे. गोळ्यांत राहिलेले जुने कपडे वापरण्याऐवजी बाजूला काढा.