मारुती जिप्सीच्या पुढच्या नकलमधून (पुढचं चाक जिथे वळतं त्या सांध्याच्या गोल घरातून) काळं, पातळ तेल गळतंय. त्यात ९० नंबर ऑइल (गिअर ऑइल) भरू की ग्रीस?

ग्रीसच. ऑइल भरलं तर ते दोन दिवसांत चाकावर येईल, कारण जिप्सीच्या नकलचं सील ग्रीस अडवण्यापुरतंच आहे. जुन्या लँड रोव्हरच्या स्विव्हलमध्ये (तिथल्या नकलमध्ये) मुळात ९० नंबर ऑइलच असायचं, पुढे कंपनीनेच पातळ ग्रीस दिलं. तो सल्ला इथे लावू नका.

पण पातळ काळं तेल म्हणजे नुसतं ग्रीस संपलेलं नाही. ॲक्सल ट्यूबच्या टोकाचं आतलं सील गेलंय आणि डिफरन्शियलचं (दोन चाकांमधल्या गिअरपेटीचं) ऑइल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ करतंय. बोटावर घेऊन वास घ्या, गिअर ऑइलचा उग्र गंधकासारखा वास लगेच कळतो. आधी ॲक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) साफ करा. तो चिखलाने बुजला की गरम हवेचा दाब नव्या सीलमधूनही ऑइल ढकलतो.

सील बदलताना नकलमधला जॉइंट (वळलेल्या चाकालाही फिरवणारा गोळ्यांचा सांधा) केरोसीनने धुऊन पूर्ण वाळवा. लिथियम बेसचं, मॉलीवालं (मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेलं) २ नंबर ग्रीस बोटाने जॉइंटच्या गोळ्यांमध्ये दाबून भरा; नकल पाऊण भरा, गच्च नको. जुनं ग्रीस ठेवून वर दुसऱ्या जातीचं भरू नका, दोन्ही पातळ होऊ शकतात.

नकलचं सील ज्यावर घासतं त्या बाहेरच्या गोल बॉलवर गंजाचे खड्डे असतील तर ते नव्या सीलची कड खातात, म्हणून बारीक पॉलिश पेपर मारा. चाक उचलून वर-खाली हलवून पाहा: किंगपिन बेअरिंगला (चाक ज्यावर डावं-उजवं वळतं त्याला) प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर सील एका बाजूने उघडंच राहतं. शेवटी डिफरन्शियलची लेव्हल भरा.