पुरुषासाठी लिहिलेली ॲक्शन भूमिका नायिकेला दिली, तर फक्त नाव बदलतं की कथाही?

कथाही बदलते, आणि ‘सॉल्ट’ (2010) हे त्याचं अगदी ठळक उदाहरण आहे. कर्ट विमरच्या पटकथेतला गुप्तहेर मुळात एडविन सॉल्ट होता आणि ती भूमिका टॉम क्रूझ करणार अशी बोलणी चालू होती. तो बाहेर पडला, अँजेलिना जोली आली आणि एडविनची एव्हलिन झाली. पाठलाग, मारामारी, धावत्या ट्रकच्या टपावर उड्या, यातलं काहीच तिला नाकारलं नाही. गाडी अडली ती जोडीदारापाशी. जुन्या मसुद्यात नायक बायकोला वाचवतो. तेच बायकोने नवऱ्याला वाचवलं तर तो फारच दुबळा वाटतो, असं दिग्दर्शक फिलिप नॉइस यांनी तेव्हा मुलाखतीत सांगितलं होतं. म्हणून पडद्यावर नवऱ्याला तिच्या डोळ्यांदेखत गोळी घातली जाते आणि संशय येऊ नये म्हणून ती चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाही. सिनेमातला हा सर्वांत जबरदस्त क्षण, पण त्यामागचं कारण मला मनापासून खटकतं. बायकोने वाचवलेला नवरा प्रेक्षकांना सहज पचला असता. मात्र प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही: ‘एलियन’च्या (1979) पटकथेत सगळी पात्रं स्त्री किंवा पुरुष कुणीही करू शकेल अशी टीप सुरुवातीपासूनच होती, आणि नायिका रिप्लीची भूमिका सिगर्नी वीव्हरला मिळाली.