गुरुजी, भरतीच्या पोरांची सोबत आधी सोडा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय एक्केचाळीस, शाळेतल्या सहकाऱ्यांनी परस्पर जानेवारीतल्या नागपूरच्या १० किलोमीटर दौडीत नाव टाकलं, हातात नऊ आठवडे, पळायची मुळात आवड नाही आणि दीड किलोमीटरवर धाप लागून थांबावं लागतं. माघार घेऊ का, असं विचारलंत. घेऊ नका. बीपी, शुगर असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

खरं दुखणं तुम्ही जाता जाता लिहिलंय: 'पहाटे पोलीस भरतीच्या पोरांसोबत पळतो.' अहो, ती पोट्टी १६०० मीटरची तयारी करतात. सगळा दम त्यांना तेवढ्यातच संपवायचा असतो. त्यांच्या मागं पळून तुमचाही तिथंच संपतो, यात नवल काय? तब्येत ठीक आहे, सोबत चुकली.

हळू पळा. किती हळू? सायकलवरचा दूधवाला थांबून 'काऊन जी मास्तर, पाय लचकला का?' विचारेल इतकं. तुम्ही शिक्षक आहात म्हणून सोपं माप सांगतो. पळता पळता बाराचा पाढा मोठ्यानं म्हणा. सलग म्हणता आला तर वेग बरोबर. बारा पंचे साठवर अडकलात तर चालायला लागा.

आणि चालण्याची लाज सोडा. जेफ गॅलोवे नावाचा अमेरिकन धावपटू १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावला. पुढं नवख्यांना त्यानं शिकवलं ते हेच, की मधे मधे ठरवून चाला, आणि तेही दम लागायच्या आधी. लागल्यावर चाललात तर तो नाइलाज झाला.

मोजायला घड्याळ नको. डांबरी रस्त्याला किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये २, ४, ६, ८ लिहिलेले छोटे दगड असतात, दर २०० मीटरला एक. आमच्या देवळीकडचे काही झुडपात गेलेत, पण अंदाज येतो. पहिले तीन आठवडे दोन दगड पळा, एक दगड चाला. मग तीन पळा, एक चाला. शेवटी चारास एक, आणि दौडीच्या दिवशीही तेच. मंगळवार-गुरुवार अर्धा तास पुरे, अंतर वाढवायचं ते रविवारी: ३ पासून सुरू करून आठवड्याला पाऊण ते एक किलोमीटर. दौडीच्या दोन आठवडे आधी ८ वर पोचलात की झालं. पूर्ण दहा आधी करून बघायची गरज नाही. शेवटचा आठवडा हलका.

पांदणीनं पळू का, विचारलंत. माती पायाला बरी, पण आत्ता काळ्या मातीत बंडीच्या चाकोऱ्या वाळून दगड झाल्यात आणि भेगाही पडायला लागल्यात. अंधारात घोटा गेलाच समजा. तिकडं जायचं तर नीट उजाडल्यावर; रानडुकरं आणि रोहीही (नीलगायी) तोवर रस्त्यावरून हटलेले असतात. डांबरी रस्त्यावर उजव्या कडेनं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसेल. सध्या कापसाच्या गाड्या भल्या पहाटे जिनिंगकडं निघतात, तेव्हा अंगात पांढरा सदरा हवा.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. अंगठ्यापुढं बोटभर जागा ठेवा. आणि आत्ताच घ्या, आदल्या दिवशी नवे घेऊन गेलात तर फोड ठरलेले. कापसाच्या पट्ट्यात राहून सांगतो, पण मोजे सुती नकोत. घामानं भिजतात आणि कातडं सोलतात. नडगी सगळीकडून ठणकत असेल तर दोन-तीन दिवस आराम करा. एकाच जागी हाडावर बोट ठेवताच कळ येत असेल तर पळणं बंद आणि डॉक्टरकडं जा.

आता माझी फजिती ऐका. पहिल्या दौडीला थंडी मरणाची, म्हणून बिब, म्हणजे तो नंबरचा कागद, स्वेटरवर टाचला. तिसऱ्या किलोमीटरला घामाच्या धारा. स्वेटर काढून कमरेला बांधला, नंबर पाठीमागं लोंबायला लागला. वेळ मोजायची चिपही त्याच कागदाला. थांबलो, पिना सोडवता सोडवता एक बोटात घुसली, आणि पांढऱ्या बनियनवर रक्ताचा ठिपका घेऊन पुढचे सात किलोमीटर केले. तेही पहिल्या दोन किलोमीटरला पोट्ट्यांमागं धावून दम घालवलेला असताना. सातव्याला गळ्यात टॉवेल टाकलेला एक जाडजूड गृहस्थ, जो सुरुवातीपासून थोडा पळत थोडा चालत होता, माझ्याकडं न बघता पुढं निघून गेला. माझी वेळ १ तास १९ मिनिटं. त्याची विचारायची हिंमत झाली नाही.

तर बिब आतल्या सदऱ्यावर, छातीवर, चार पिनांनी. ते बऱ्याचदा आदल्या दिवशीच घ्यावं लागतं, त्यामुळं मुक्काम नागपुरात नातेवाइकाकडं ठरवा. पहाटेच्या एसटीच्या भरवशावर राहू नका. रात्री वरण-भात. सावजी नको, पाहुणे कितीही आग्रह करोत. सकाळी दीड-दोन तास आधी केळं आणि चहा-टोस्ट. तर्री-पोहे दौड संपल्यावर. उभं राहायचं ते गर्दीच्या शेवटी. चिप तुम्ही सुरुवातीची रेघ ओलांडल्यावर वेळ मोजायला लागते, मागं राहून काही बुडत नाही. पाणी पळणं थांबवून, चालत प्या. पळत प्यायलो तेव्हा अर्धं नाकात गेलं होतं.

आवडीचं म्हणाल, तर सहा वर्षं झाली, पहिली दहा मिनिटं मला अजूनही आवडत नाहीत. पुढची चालतात.

राहिली कुत्री. अंगावर आली की पळू नका. थांबा, दगड उचलल्यासारखं वाका, मग सावकाश चालत निघा. दोन आठवड्यांत ओळखायला लागतात. आमच्या फाट्यावरचं तांबडं आता पहिल्या दगडापर्यंत सोबत येतं आणि मी परत येईपर्यंत तिथंच बसून राहतं.