जपानी शिकतेयस? आधी फी भरू नकोस

अगं, क्लासची घाई करू नकोस. मी केली होती. ऐरोलीतल्या एका क्लासला तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले नि दुसऱ्याच महिन्यात शिकवणारे गायब!

आधी हिरागाना, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहायची जपानी लिपी. मूळ अक्षरं 46च आहेत, चौकटीच्या वहीत रोज पाच गिरव. जोडीला एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण संस्थेच्या साइटवर जपानीचे छोटे धडे आहेत, आवाजासकट आणि फुकट. रबाळ्याला लोकलमध्ये चढलीस की वाशी येईपर्यंत एक धडा आरामात ऐकून होतो. शब्दांसाठी अँकी घे, कार्डं दाखवून शब्द पाठ करून घेणारं अ‍ॅप. कॉम्प्युटर नि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर मात्र पैसे पडतात. कार्डं स्वतः बनव. आयती उतरवलेली माझ्या तरी डोक्यात कधी राहिली नाहीत.

व्याकरण मात्र इंग्रजीतून समजून घेत बसू नकोस. सरळ मराठीशी लावून बघ. 'तोमोदाची नो होन' म्हणजे मित्राचं पुस्तक. हा 'नो' म्हणजे आपला चा-ची-चे, शब्दाच्या मागेच चिकटणारा. 'तोक्यो नि इकिमासु' म्हणजे तोक्योला जाते. 'नि' झाला 'ला', आणि क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे वाक्य उलटं करावं लागतं, तुझं अर्धं काम आईनेच करून ठेवलंय.

कांजीचं, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्रासारख्या अक्षरांचं, नाव दिवाळीपर्यंत काढू नकोस.

रविवारी वहीचा फोटो पाठव. 'नु' आणि 'मे' या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांमध्ये घोळ घातलेला असणारच, सगळेच घालतात.