दाराच्या मुठीवरचं विष : वाचक विचारतात

गेल्या अंकातल्या स्क्रिपाल प्रकरणावरच्या लेखानंतर सांगली-साताऱ्याकडून बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे घेतली आहेत. लेख हाती पडला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सेर्गेई स्क्रिपाल हे रशियाच्या लष्करी हेरखात्यातले, म्हणजे जीआरयूतले कर्नल. ब्रिटनला माहिती पुरवली म्हणून २००६ मध्ये त्यांना १३ वर्षांची शिक्षा झाली. २०१० मध्ये हेरांच्या अदलाबदलीत सुटून ते इंग्लंडला गेले. ४ मार्च २०१८ला सॉल्झबरीत ते आणि त्यांची मुलगी युलिया एका बाकावर बेशुद्ध सापडले. विष होतं नोविचोक, आणि ते लावलं होतं घराच्या दाराच्या बाहेरच्या मुठीला.

प्रश्न : नोविचोक ‘ऑर्गॅनोफॉस्फरस’ गटातलं, असं तुम्ही लिहिलंत. आमच्या कीटकनाशकाच्या डब्यावर हाच शब्द असतो. मग आम्ही बागेत इतकी वर्षं तेच मारतोय का? – द्राक्ष बागायतदार, तासगाव

गोत्र एकच, ताकद वेगळी. मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज हे एन्झाइम ते रसायन लगेच पुसून टाकतं. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, डायमेथोएट ही औषधं याच एन्झाइमला जखडून ठेवतात आणि नोविचोकही तेच करतं. मग निरोप पुसलाच जात नाही. तोंडातून लाळ, अंगातून घाम, छातीत पाणी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायूंची थरथर, आणि शेवटी श्वास थांबतो. फरक आहे तो मात्रेचा. शेतातलं औषध किडीसाठी बनवलेलं, तर नोविचोक १९७०-८० च्या दशकांत सोव्हिएत प्रयोगशाळांत माणसासाठी बनवलेलं. कातडीला लागलेला सूक्ष्म अंशही त्यासाठी पुरतो. पण म्हणून शेतातलं औषध मवाळ समजू नका. हातमोज्यांशिवाय द्रावण ढवळलं किंवा वाऱ्याच्या तोंडावर फवारणी केली, तर त्याचा रस्ता तोच आहे. डब्यावर लाल त्रिकोण असेल तर ते सगळ्यांत जहाल वर्गातलं.

प्रश्न : मी नर्सिंगची विद्यार्थिनी. इतकं जहाल विष असून बाप-लेक वाचले कसे? आमच्याकडे औषध प्यायलेले पेशंट येतात, त्यांच्या बाबतीत नेमकं काय चुकतं? – मिरज

सॉल्झबरीतही सुरुवात चुकूनच झाली. अफूवर्गातल्या औषधाचा डोस जास्त झाला असावा, असा पहिला अंदाज होता. बाहुल्या बारीक आणि श्वास मंद, हे दोन्हीकडे दिसतं. खूण वेगळीकडे असते. अफूवर्गाचा पेशंट सहसा कोरडा असतो आणि त्याचं पोट शांत असतं. ऑर्गॅनोफॉस्फरसचा पेशंट ओलाचिंब असतो : लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, जुलाब. ‘ओला की कोरडा’ हा प्रश्न दाखल करतानाच विचारा.

उपचारात पहिलं येतं ॲट्रोपिन, साठलेल्या ॲसिटिलकोलिनचा परिणाम अडवणारं औषध. प्रौढाला शिरेतून १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ मिलिग्रॅमच्या तीन ते पाच अँप्यूल. पाच मिनिटांनी तपासायचं आणि सुधारणा नसेल तर मात्रा दुप्पट करायची. थांबायचं कधी, तर छातीतली घरघर गेली, नाडी ८० च्या वर आणि वरचा रक्तदाब ८० च्या वर आला की. इथेच सगळ्यांत जास्त चुका होतात. बाहुली मोठी झाली म्हणून कोणी ॲट्रोपिन थांबवतं, आणि छाती पुन्हा भरते. बाहुली हे मोजमाप नव्हे, छाती ऐका. त्यानंतर सुरुवातीला एकूण लागलेल्या मात्रेच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून चालू ठेवतात. उलट टोकाची चूकही होते. पेशंट बरळायला लागला, अंग तापलं, पोटाचा आवाज बंद झाला, तर ॲट्रोपिन जास्त झालंय. थांबवून नंतर कमी मात्रेत पुन्हा सुरू करायचं.

पॅम, म्हणजे प्रॅलिडॉक्सिम हे एन्झाइमवरचं विष सोडवणारं औषध, द्यावं की नाही यावर डॉक्टरांत अजून वाद आहे, पण द्यायचं तर लवकर. विष एन्झाइमवर घट्ट बसलं की ते निघत नाही. डायमेथोएट, मोनोक्रोटोफॉस यांच्या गटात ते काही तासांतच बसतं, क्लोरपायरिफॉसच्या गटात एक-दीड दिवस मिळतो. रक्ताचा नमुना काढला की तो लगेच थंड करा, नाहीतर नळीतच विष उरलेल्या एन्झाइमला मारत राहतं आणि एन्झाइमचा आकडा खोटा येतो. आणखी एक फसवी वेळ म्हणजे २४ ते ९६ तास. पेशंट शुद्धीवर असतो, बोलतो, घरचे निर्धास्त होतात, आणि त्याच वेळी श्वासाचे स्नायू ढिले पडतात. त्याला उशीवरून मान उचलायला सांगा. उचलता आली नाही, तर व्हेंटिलेटर जवळ हवा. युलिया ९ एप्रिलला हॉस्पिटलमधून सुटल्या, सेर्गेई १८ मे रोजी. आठवडेच्या आठवडे कृत्रिम श्वास आणि सेवा, यात जादू काही नाही.

घरच्यांसाठी : मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, औषधातलं द्रावक फुप्फुसात जातं. कपडे डोक्यावरून ओढू नका, कापून काढा. साबण-पाण्यानं केस आणि नखांसकट अंग धुवा, धुणाऱ्यानं हातमोजे घालावेत. डबा लेबलासकट दवाखान्यात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि दिल्लीच्या एम्सचं विषमाहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर आहे.

प्रश्न : विष सापडलं हे खरं. पण ते रशियानंच लावलं, हे कशावरून? आपल्याकडे व्हिसेराचा (मृताच्या अवयवांच्या तपासणीचा) अहवाल आला तरी ‘कोणी दिलं’ हे सिद्ध करताना पोलिसांचा घाम निघतो. – निवृत्त फौजदार, कऱ्हाड

तुमची शंका रास्त आहे, आणि ब्रिटनचे शास्त्रज्ञही हेच म्हणाले. सॉल्झबरीपासून जवळच असलेल्या पोर्टन डाउन प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी ३ एप्रिलला जाहीर सांगितलं की हे नोविचोक आहे, पण नेमकं कुठे बनलं ते आम्ही सांगितलेलं नाही. त्याआधी परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन मात्र ते रशियाचंच असं ठामपणे बोलून बसले होते, आणि मॉस्कोला ते आयतंच मिळालं. हेगच्या रासायनिक शस्त्रबंदी संघटनेनं, ओपीसीडब्ल्यूनं, स्वतःची माणसं पाठवून नमुने घेतले. तुमच्या पंचनाम्यासारखीच शिस्त : कोणी घेतलं, कधी सील केलं, कोणाच्या हातून कोणाकडे गेलं. व्हिसेरासोबत आपण मिठाच्या द्रावणाचा वेगळा नमुना पाठवतो, द्रावणात मुळातच विष नव्हतं हे दाखवायला, तसंच. १२ एप्रिलच्या अहवालात ब्रिटनची ओळख बरोबर ठरली आणि विष अतिशय शुद्ध असल्याचं नोंदवलं गेलं. देशाचं नाव मात्र अहवालात नाही, कारण तेव्हा तो अधिकारच त्या संघटनेला नव्हता.

रसायनशास्त्र ‘काय’ एवढंच सांगतं. ‘कोणी’ हे पोलिसांच्या जुन्या पद्धतीनंच निघालं. दोन माणसं २ मार्चला मॉस्कोहून गॅटविकला उतरली, ३ तारखेला सॉल्झबरीला जाऊन आली, ४ तारखेला पुन्हा गेली. स्क्रिपालांच्या घराजवळ ती कॅमेऱ्यात दिसतात, आणि त्याच रात्री मॉस्कोला परत. लंडनमधल्या त्यांच्या हॉटेलच्या खोलीत नोविचोकचा अंश सापडला. ५ सप्टेंबरला ‘पेत्रोव’ आणि ‘बोशिरोव’ या पासपोर्टवरच्या नावांनी आरोप ठेवले गेले. आठवड्याभरानं दोघांनी रशियन वाहिनीवर सांगितलं, आम्ही १२३ मीटर उंच कळस बघायला गेलो होतो. सॉल्झबरीच्या चर्चचा कळस तेवढा उंच आहे हे खरंच. सलग दोन दिवस बघण्याजोगा आहे का, ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न : २००६ मध्ये लिटविनेंको मेले तेव्हा ब्रिटननं फक्त चार रशियन राजनयिक काढले. २०१८ मध्ये स्क्रिपाल वाचले, तरी २३. असं उलटं का? भारतानं काय केलं? – राज्यशास्त्राचे प्राध्यापक, सातारा

आकड्यापेक्षा तारखा बघा. रशियाचे माजी हेर अलेक्झांडर लिटविनेंको यांना १ नोव्हेंबर २००६ला लंडनच्या हॉटेलात चहातून पोलोनियम-२१० हे किरणोत्सारी विष दिलं गेलं आणि २३ नोव्हेंबरला ते गेले. ब्रिटननं आधी आरोपीचं प्रत्यार्पण मागितलं, नकार आल्यावर २००७ च्या जुलैत चार जणांना काढलं. म्हणजे न्यायालयाची वाट धरली, आणि ती बंद झाल्यावर नाराजी दाखवली. सार्वजनिक चौकशीचा अहवाल आला थेट जानेवारी २०१६ मध्ये. त्यात ही हत्या ‘बहुधा’ पुतिन यांच्या संमतीनं झाली असं म्हटलं होतं. नऊ वर्षं थांबलं की शब्दाला धार राहत नाही, हा धडा लंडननं घेतलेला दिसतो.

२०१८ मध्ये उलट झालं. पंतप्रधान थेरेसा मे यांनी १२ मार्चला संसदेत रशिया जबाबदार असण्याची ‘दाट शक्यता’ बोलून दाखवली, दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत खुलासा मागितला आणि १४ तारखेला २३ जणांना आठवड्याची मुदत दिली. राजदूतावासातल्या माणसाला काढायला पुरावा लागत नाही. १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ९ ‘कारण न देता’ अशीच मुभा देतं. मात्र परतफेड ठरलेली असते. १७ मार्चला रशियानंही २३ काढले, सेंट पीटर्सबर्गची वकिलात आणि ब्रिटिश कौन्सिल बंद केली.

खरा फरक सोबतीचा. २६ मार्चला अमेरिकेनं ६० जणांना काढलं आणि सिएटलची वकिलात बंद केली. वीसहून अधिक देशांनी मिळून दीडशेच्या वर रशियन परत पाठवले. न्यूझीलंडनं तर सांगितलं की काढण्याजोगा रशियन हेरच आमच्याकडे सापडत नाही! पण या उपायाची मर्यादाही ओळखा. काढलेल्यांच्या जागी नवे पाठवण्याची मुभा अमेरिकेनं ठेवलीच होती. रशियाशी नैसर्गिक वायूचा व्यापार चालू राहिला. रशियातल्या फुटबॉल विश्वचषकाला ब्रिटनचे मंत्री आणि राजघराणं गेलं नाही, इंग्लंडचा फुटबॉल संघ मात्र गेला.

भारतानं कोणाला काढलं नाही. जून २०१८ मध्ये ओपीसीडब्ल्यूला ‘कोणी वापरलं’ हेही सांगण्याचा अधिकार देणारा ठराव ८२ विरुद्ध २४ असा मंजूर झाला, तेव्हा भारत विरोधातल्या २४ मध्ये होता. नोविचोकचा गट रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या बंदी-यादीत आला तो ७ जून २०२० पासून.

प्रश्न : अत्तराच्या बाटलीचं काय प्रकरण होतं? – गृहिणी, वाई

२०१८ च्या जूनच्या शेवटी सॉल्झबरीशेजारच्या एम्सबरी गावात एकानं सापडलेली अत्तराची बाटली मैत्रिणीला, डॉन स्टर्जेस यांना, दिली. त्यांनी ते अत्तर मनगटावर लावलं आणि ८ जुलैला त्या गेल्या. स्क्रिपालांसाठी आणलेलं विष त्याच बनावट बाटलीतून आलं होतं. नोविचोक सहजी उडून जात नाही, म्हणून सॉल्झबरी परिसरातल्या १२ जागांची सफाई मार्च २०१९ पर्यंत चालली. स्क्रिपालांच्या घराचं छप्परसुद्धा काढावं लागलं. आपल्यापुरतं इतकंच : औषधाचा रिकामा डबा तीनदा धुऊन ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता, मग डब्याला भोक पाडा. तेलातुपाला वापरू नका.

प्रश्न : आरोपींवर खटला कधी चालेल? – कोरेगाव

ते रशियात असेपर्यंत चालणार नाही. रशियन राज्यघटनेचं कलम ६१ स्वतःचा नागरिक दुसऱ्या देशाच्या हवाली करू देत नाही. म्हणूनच स्टर्जेस यांच्या मृत्यूची चौकशी न्यायाधीशांच्या आयोगाकडे दिली गेली. साध्या मृत्यू-चौकशीत गुप्त पुरावा ऐकता येत नाही, आयोगाला बंद दाराआड ऐकता येतो. सुनावणी २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये आला, आणि त्यात जबाबदारी थेट पुतिन यांच्यापर्यंत नेली आहे. आरोपपत्र आणि अटक वॉरंट कायम आहेत.