लेझरवाला म्हणतो ‘काही होत नाही’. प्रेक्षकांवर फिरवू द्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या मैदानावर लाइव्ह बँड आहे, हजारभर मुलं येणार, 5 वॉटचा आरजीबी (लाल-हिरवा-निळा) लेझर भाड्याने ठरलाय. लेझरवाला म्हणतो, पब्लिक वीस मीटर लांब आहे, काही होत नाही. आणि परवानगी कुणाची लागते हे कुणालाच माहीत नाही.

मी पुण्यात बारा-तेरा वर्षं लाइटिंगचं काम करतो. सरळ सांगतो, फिरवू देऊ नका.

आधी एक खात्री करून घ्या, ते मशीन खरंच लेझर आहे ना? आपल्याकडे धुरातून जाणाऱ्या प्रत्येक रेषेला लेझर म्हणायची पद्धत पडलीय. शार्पी नावाच्या फिरत्या स्टेज लाइटचा झोत कितीही धारदार दिसला तरी आत दिवाच असतो. मी पुढे जे लिहितोय ते खऱ्या लेझरबद्दल.

‘लांब आहेत’ हा हिशोब हॅलोजनला लागू पडतो, लेझरला नाही. समजा, मशीनमधून निघताना बीम 5 मिलिमीटर जाड आहे आणि दर मीटरला 1 मिलिमीटर पसरतो. वीस मीटरवर तो जेमतेम 25 मिलिमीटरचा होतो. म्हणजे 5 वॉट एका रुपयाच्या नाण्याएवढ्या ठिपक्यात. अंधारात बाहुली 7 मिलिमीटरपर्यंत उघडते, तिच्यातून जवळपास 390 मिलिवॉट आत जातात. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात डोळा साधारण 1 मिलिवॉट सोसू शकतो. शंभर मीटरवर नेलं तरी वीसेक पट जास्तच भरतं. त्यात डोळ्याची भिंगं तो बीम रेटिनावर, म्हणजे डोळ्यातल्या मागच्या पडद्यावर, सुईच्या टोकाएवढा गोळा करतात. रेटिनाला वेदना कळत नाही, त्यामुळे मुलगा नाचतच राहतो आणि दुसऱ्या दिवशी नजरेच्या मध्यभागी काळा डाग दिसायला लागतो.

‘बीम फिरता असतो, थांबत नाही’ हे तुम्हाला नक्की ऐकवलं जाईल. आत दोन छोटे आरसे थरथरतात म्हणून बीम फिरतो. आरसा अडकला किंवा ऑपरेटरने चुकून एका जागी थांबलेल्या बीमचा पॅटर्न दाबला, की सगळी ताकद एका जागी. परदेशात प्रेक्षकांवर बीम टाकतात ते त्याची ताकद मीटरने मोजून, आणि आरसा थांबला तर आपोआप बंद होणाऱ्या मशीनवर. आपल्याकडे भाड्याच्या मशीनसोबत मीटर आलेला मी एकदाही पाहिलेला नाही.

2008 च्या जुलैत मॉस्कोजवळच्या किर्झाच गावी एका खुल्या संगीत महोत्सवात पाऊस आला. आकाशात सोडायचे ताकदवान लेझर तंबूखाली गर्दीवर वळवले गेले आणि तीसेक जणांच्या रेटिना भाजल्या. इतकं लांब जायलाही नको. 2023 च्या विसर्जन मिरवणुकांनंतर आपल्याच शहरांतल्या नेत्रतज्ज्ञांकडे तरुण पोरं रांगेने गेली होती. माझं स्वतःचं नुकसान मोबाइलपुरतंच झालं: एका शोमध्ये रेकॉर्डिंग करताना बीम कॅमेऱ्यावरून गेला आणि तेव्हापासून प्रत्येक फोटोत एक आडवी जांभळी रेघ येते. त्या जागी डोळा असता तर काय, हे त्या रात्री नीट कळलं.

आता कायद्याचं. लेझरचं असं वेगळं लायसन्स माझ्याकडे आजवर कुणी मागितलेलं नाही. पण म्हणून मोकळं रान आहे असं समजू नका. पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली (जुनं 144) लेझरवर बंदीचा आदेश काढतात. पुण्यात 2024 च्या गणेशोत्सवात असा आदेश निघाला होता. असे आदेश ठरावीक मुदतीचे असतात, त्यामुळे ‘मागच्या वर्षी चाललं होतं’ याला काही अर्थ नाही. कार्यक्रमाच्या परवानगीच्या अर्जातच लेझरचा उल्लेख करा आणि पोलीस ठाण्यात विचारा. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 223. निष्काळजीपणाने कुणाला इजा झाली तर 125, आणि एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली तरी ती ‘गंभीर दुखापत’ धरतात. विमानतळ जवळ असेल तर आकाशात बीम सोडायचा विचारही नको, उतरणाऱ्या वैमानिकाचे डोळे दिपतात.

लावायचाच असेल तर बीम प्रेक्षकांच्या डोक्यावरून. ते जिथे उभे आहेत तिथून किमान 3 मीटर वर, बाजूला अडीच मीटर मोकळे. उतारावरची, गॅलरीतली, मित्राच्या खांद्यावर बसलेली मुलं धरून मोजा. (दहीहंडीला हा हिशोबच कोलमडतो, सातव्या थरावरचा गोविंदा थेट बीममध्ये डोकं घालतो.) मशीन ट्रसला (दिवे टांगायच्या सांगाड्याला) घट्ट आवळा, स्टँडवर नको; गर्दीचा एक धक्का पुरतो. मशीनच्या तोंडाच्या खालच्या अर्ध्या भागावर काळा पत्रा बसवा, म्हणजे बीम खाली येऊच शकणार नाही. समोर बीम उलटा फेकणारी काच, स्टीलची रेलिंग, गाड्या नाहीत ना ते उजेडात फिरून बघा. बंद करायचं बटण स्टेजकडे डोळे असलेल्या माणसाच्या हातात हवं, आणि तो चहाला गेला तर मशीन बंद.

लेझरवाल्याला विचारा, ‘बीम किती फुटांवरून जाणार आणि बटण कुणाकडे?’ उत्तर गुळमुळीत आलं तर त्याच पैशांत चार शार्पी आणि एक चांगलं धुराचं मशीन घ्या. पोरं तेवढीच नाचतात.